दोन दिवसांचा हवापालट

‘हवापालट’ हा शब्द आमच्या आजीच्या काळी आजाऱ्यांसाठी राखून ठेवलेला असे. दुखण्यातून उठलेल्या माणसाला पाचगणीला न्यायचे. धडधाकटाला हवापालट कशाला? पण हल्ली ताप अंगात नसतो, डोक्यात असतो, आणि तो थर्मामीटरला कळत नाही.

गेल्या वर्षी आमच्या डोंबिवलीच्या घरात असाच ताप शिरला होता. लेकीची दहावी होती. सासूबाईंचे गुडघे कुरकुरत होते. हे रात्री दोन-दोन वाजेपर्यंत जागे असत, आणि विचारले तर “कामाचं आहे” एवढेच म्हणत. घरात भांडण नव्हते. पण बोलणेही नव्हते. जो तो आपापल्या फोनमध्ये मान घालून बसे. शेवटी मीच माथेरानला दोन रात्रींसाठी खोली ठरवली. “आत्ता? हा खर्च?” ह्यांनी कपाळाला आठ्या घातल्या. मी म्हटले, “औषधाचा समजा.”

डोंबिवलीहून कर्जतची लोकल पकडली, की तासाभरात नेरळ. इतके जवळ, म्हणूनच कित्येक वर्षांत जाणे झाले नव्हते! ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट १८५० साली हा डोंगर चढून गेले आणि सुमारे ८०० मीटर उंचीवरची ही जागा साहेबलोकांना ठाऊक झाली. १९०७ साली पीरभॉय कुटुंबाने नेरळहून वर चिमुकली आगगाडी नेली. तिच्या दोन रुळांमध्ये अंतर अवघे दोन फूट! पावसाळ्यात नेरळची ही गाडी बंद असते. आम्ही गेलो कार्तिकात. पण तिची वेळ आम्हाला जुळेना, म्हणून टॅक्सीने दस्तुरी नाक्यापर्यंत गेलो.

माथेरानची खरी गंमत ह्या नाक्यावर सुरू होते. मोटार इथे थांबते. रुग्णवाहिका आणि आगीचा बंब सोडला, तर पुढे मोटारीला मज्जाव. मग जवळच्या अमन लॉजवरून छोटी गाडी घ्या, घोडा घ्या. अलीकडे विजेवर चालणाऱ्या रिक्षाही आल्या आहेत. नाहीतर आपले पाय आहेतच.

पहिल्या दिवशी सासूबाईंना छोट्या गाडीने नेले. दुसऱ्या सकाळी मात्र त्यांनी काठी उचलली. “शार्लोट तलावापर्यंत मी चालणार.” झाले! सगळ्या घराला त्यांच्या चालीने चालणे भाग पडले. दहा पावले चालायचे, जांभळाच्या सावलीत टेकायचे, पुन्हा दहा पावले. तांबड्या मातीने सगळ्यांची पायताणे एका रंगाची झाली. लेकीने फोन पिशवीत टाकला, कारण काठी नसलेला हात आजीला हवा होता.

अशाच एका थांब्यावर हे एकदम म्हणाले, “आई, माझी नोकरी बहुतेक जाणार.”

मी चपापले. सासूबाई मात्र शांतपणे गुडघा चोळीत राहिल्या. मग म्हणाल्या, “ब्याऐंशीच्या संपात तुझ्या वडिलांनी अंगठी गहाण टाकली आणि मला सांगितलं, हरवली. मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. पण दोघंही वर्षभर गप्प. त्या गप्प बसण्याचाच त्रास फार झाला रे, पैशाचा नाही.”

गिरणी संपाची ती गोष्ट आमच्या घरात कुणीच कधी ऐकली नव्हती. तलाव येईपर्यंत चौघेही बोलत होतो. घरखर्चातले काय कमी करायचे, ह्याची अर्धी यादी लेकीनेच सांगितली!

तुम्ही म्हणाल, हे घरीही बोलता आले असते. आले असते, पण आले नाही. घरात प्रत्येकाची चाल वेगळी असते. सर्वांत सावकाश चालणाऱ्याच्या बरोबरीने चालावे लागले, तेव्हा कुठे बोलायला सवड झाली.

तेव्हा जायचे झाल्यास रविवार आणि सणाची सुट्टी टाळा. त्या दिवशी शहरच तिथे आलेले असते. माथेरानला तीसहून अधिक ‘पॉइंट’ आहेत. ते सगळे उरकण्याचा हव्यास धरू नका, दोन पुरेत. पायांत घट्ट पकडीचे बूट आणि पिशवीत विजेरी असू द्या. खाऊ माकडांपासून सांभाळा. आणि नेलेले प्लॅस्टिक परत आणा.

ह्यांची नोकरी अखेर गेलीच. दुसरी मिळायला चार महिने लागले, आणि पगारही कमी. पण त्या चार महिन्यांत आमच्या घरी रात्री दोन वाजता एकट्याने कुणी जागे राहिले नाही. सासूबाईंची काठी अजून दाराशी उभी आहे. तिच्या टोकाची तांबडी माती मी मुद्दामच पुसलेली नाही.