सील बदलले, शॉकअप जुळवायचे राहिले

पुढच्या शॉकअपच्या पाइपवर तेलाचा ओघळ दिसला की गाडी गॅरेजला जाते. दोन ऑइल सील, दोन डस्ट सील बदलले जातात, नवं तेल भरलं जातं आणि संध्याकाळी गाडी मालकाच्या ताब्यात येते. गळती थांबलेली असते. पण चार-दोन दिवसांत नवीच तक्रार सुरू होते: गाडी पुढून कडक झाली, बारीकसारीक खड्ड्यांतही हँडलला हादरे बसतात. दोष कधी स्प्रिंगला दिला जातो, कधी तेलाला, कधी मिस्त्रीला. स्प्रिंग बहुतेक वेळा निर्दोष असते. (मिस्त्रीबद्दल तसं छातीठोकपणे सांगता येत नाही.)

सील बदलायचं तर चाक, मडगार्ड, डिस्क ब्रेकचं कॅलिपर असं सगळं उतरवावं लागतं आणि शॉकअप पार रिकामा करावा लागतो. त्यामुळे तेलाची पातळी, पाइपवरचं घर्षण आणि शॉकअपच्या डाव्या-उजव्या पायांची समांतरता या तीन गोष्टी जोडणीच्या वेळी नव्याने ठरतात. कारखान्यात त्या कुणीतरी मोजून ठरवलेल्या असतात. गॅरेजमध्ये बऱ्याचदा अंदाजाने ठरतात.

पाइपात पाइप सरकणारा आणि आतल्या तेलाने उसळी आवरणारा पुढचा शॉकअप बीएमडब्ल्यूने 1935 साली आर 12 या मोटरसायकलवर आणला. आजच्या साध्या शॉकअपचं तत्त्व तेच आहे. स्प्रिंग वजन पेलते. तेल बारीक छिद्रांतून ढकललं जाताना हालचालीची ऊर्जा उष्णतेत बदलते आणि गाडी डुलत राहत नाही. यातली मेख अशी, की छिद्रातून जाणाऱ्या द्रवाचा विरोध वेगाच्या साधारण वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वेग दुप्पट झाला की विरोध चौपटीच्या आसपास जातो. म्हणूनच साधा शॉकअप ब्रेक दाबल्यावर सावकाश खाली बसताना मऊ वाटतो आणि धारदार कडेच्या खड्ड्यात मात्र दगडासारखा लागतो.

ब्रेकचा भार किती, तेही पाहू. रॉयल एनफील्ड क्लासिक 350 चं वजन 195 किलो, वर 75 किलोचा चालक, दोन्ही चाकांतलं अंतर 1,390 मिलिमीटर. गुरुत्वमध्य जमिनीपासून 60 सेंटिमीटरवर आहे असं धरलं आणि गाडी गुरुत्वत्वरणाच्या 0.7 पट मंदनाने थांबवली, तर मागच्या चाकावरचा सुमारे 80 किलो भार पुढे सरकतो. तो पेलायला स्प्रिंगच्या मदतीला आणखी एक स्प्रिंग असते, जी खोललेल्या शॉकअपमध्ये कुणाला दिसत नाही. ती म्हणजे तेलाच्या वर कोंडलेली हवा.

सायकलच्या पंपाचं तोंड बोटाने दाबून दांडा रेटला तर शेवटच्या दोन इंचांत हात अडतो. इथेही तेच होतं. हिशेबापुरतं शॉकअप पूर्ण उघडा असताना हवेचा स्तंभ 250 मिलिमीटर आणि एकूण चाल 120 मिलिमीटर मानू. बॉइलच्या नियमाने निम्म्या चालीला आतला दाब वातावरणापेक्षा 0.32 पट जास्त होतो आणि शेवटी 0.92 पट. आता तेल 30 मिलिमीटर वर भरलं, तर हेच आकडे 0.37 आणि 1.2 होतात. मधल्या चालीत फरक जेमतेम जाणवतो, पण टोकाला दाब जवळजवळ तिसऱ्या हिश्श्याने वाढतो. म्हणून ‘थोडं जास्तच टाका, बरं असतं’ हा सल्ला महागात पडू शकतो. तो वाढीव दाब नव्या सीलच्या ओठांवरच येतो.

तेल मापाच्या भांड्यापेक्षा पातळीने भरलेलं चांगलं, कारण जुनं तेल आत किती चिकटून राहिलं हे भांडं सांगत नाही. पद्धत सोपी आहे. बहुतेक साध्या शॉकअपमध्ये स्प्रिंग काढून पाय पूर्ण दाबायचा, त्याआधी हळूहळू पंप करून बुडबुडे बाहेर काढायचे, थोडा वेळ उभा ठेवायचा आणि पाइपच्या वरच्या कडेपासून तेलापर्यंतचं अंतर पट्टीने मोजायचं. आकडा त्या गाडीच्या मॅन्युअलमधलाच घ्यायचा. तेलाच्या डब्यावरचं ‘10 डब्ल्यू’ मात्र डोळे झाकून मानू नये. दोन कंपन्यांच्या 10 डब्ल्यू तेलांचा दाटपणा बराच वेगळा असू शकतो. खरी तुलना 40 अंश सेल्सिअसला मोजलेल्या सेंटिस्टोक्सच्या आकड्यांची.

आता घर्षण. नव्या सीलचे ओठ पाइपला घट्ट आवळून धरतात आणि थांबलेल्या वस्तूला हलवायला लागणारं बल ती सरकत ठेवण्याच्या बलापेक्षा जास्त असतं. छोटा खड्डा ही अडण पार करू शकला नाही, तर शॉकअप हलतच नाही, हादरा थेट मनगटात येतो. त्यात चाक बसवताना दोन पाय किंचित जरी तिरके आवळले गेले, तर पाइप बुशमध्ये अडकत सरकतो. एक्सलला एका पायात चिमटून धरणारा बोल्ट ज्या गाड्यांत असतो, तिथे क्रम महत्त्वाचा. आधी एक्सल ठरल्या टॉर्कने आवळायचा, हा बोल्ट सैल ठेवायचा, गाडी स्टँडवरून उतरवून पुढचा ब्रेक धरून शॉकअप काही वेळा जोराने दाबायचा. पाय आपापली जागा घेतात. मग बोल्ट कसायचा. पाच मिनिटांचं काम, आणि नेमकं हेच घाईत गाळलं जातं.

घर्षण मोजताही येतं. चालक गाडीवर बसल्यावर शॉकअप किती बसतो, त्याला सॅग म्हणतात; रस्त्यावरच्या गाडीला तो एकूण चालीच्या पाव ते एक तृतीयांश असावा. क्लासिक 350 ची चाल 130 मिलिमीटर, म्हणजे 33 ते 43. जुन्या 411 सीसी हिमालयनची 200, म्हणजे 50 ते 67. एकदा गाडी पुढून दाबून हळूच सोडायची आणि मोजायचं, मग उचलून हळूच सोडायची आणि मोजायचं. समजा क्लासिकवर 44 आणि 32 आले. सरासरी 38, सॅग उत्तम. मधला 12 मिलिमीटरचा फरक हा घर्षणाचा. एकदाच मोजणारा 44 पाहून स्प्रिंग मऊ ठरवेल किंवा 32 पाहून कडक, आणि दोन्ही वेळा चुकेल.

सरासरीच जास्त आली तर स्प्रिंगवरचा स्पेसर लांब करतात. त्याने गाडी पुढून उचलली जाते; स्प्रिंग कडक होत नाही. ती कडक होते, हा गैरसमज गॅरेजांत फार रुजला आहे. वरच्या क्लॅम्पमधून पाइप किती बाहेर ठेवला, हेही खोलण्याआधी मोजून ठेवावं. दोन्ही पाइप 5 मिलिमीटर वर सरकले तर गाडीचा कोन सुमारे 0.2 अंशाने बदलतो. दोन बाजूंत तफावत राहिली तर एक्सल तिरका बसू पाहतो आणि पुन्हा अडकण सुरू.

काहीशे किलोमीटरनंतर सील रुळतात. तेव्हा सॅग पुन्हा दोन्ही पद्धतींनी मोजावा. फरक घटला असेल तर काम झालं. घटला नसेल तर चाक पुन्हा काढून पाइप सपाट काचेवर लोळवून पाहायचे. वाकलेला पाइप लगेच डुगडुगतो. पावसाळ्यातल्या चिखलाने क्रोमवर गंजाचे खड्डे पाडले आहेत का, तेही नखाने तपासायचं. सील जिथे सरकतं त्या पट्ट्यात नख अडलं, तर तिथे तिसरं सीलही टिकणार नाही, पाइपच बदलावा लागेल. आणि ब्रेकच्या पॅडवर आधीच तेल उतरलं असेल, तर पॅडही त्याच बिलात धरायचे.