सत्तर टक्के यश, पण कशाचं?

‘जाहिरातीत आयव्हीएफचं यश 70 टक्के लिहिलंय, ते खरं धरायचं का?’ असं बदलापूरच्या एका वाचक भगिनीनं विचारलं आहे. उल्हासनगर-अंबरनाथ-बदलापूर पट्ट्यातल्या कितीतरी घरांत हाच प्रश्न घोळत असणार. आधी विचारा, हे टक्के कशाचे? गर्भधारणेची रक्ततपासणी (बीटा एचसीजी) पॉझिटिव्ह आली की तेच यश म्हणून मोजता येतं. पण त्यातल्या काही गर्भधारणा टिकत नाहीत. आणि भ्रूण तयार होण्याआधीच ज्यांचे उपचार थांबले, त्या हिशेबातच येत नाहीत. इंजेक्शनं सुरू झालेल्या शंभरजणींपैकी किती जणींच्या हाती बाळ आलं, हा खरा आकडा.

त्यावर सर्वांत मोठा परिणाम वयाचा. स्त्रीबीजं मुलीच्या जन्माआधीच तयार असतात. पस्तिशीनंतर त्यांतल्या गुणसूत्रांची वाटणी झपाट्यानं चुकू लागते. एएमएच तपासणीतून बीजांच्या साठ्याचा अंदाज येतो, त्यांचा कस कळत नाही.

दुसरी बाजू गर्भाशयाच्या अस्तराची. बीजं वाढवणाऱ्या औषधांनी त्याच महिन्यात अस्तराची घडी बिघडू शकते, हे कोलकात्याच्या डॉ. सुभाष मुखोपाध्यायांनी फार आधी हेरलं होतं. वाफसा नसताना पेरून काय उपयोग? त्यांनी भ्रूण गोठवलं, पुढच्या चक्रात सोडलं आणि 3 ऑक्टोबर 1978 ला दुर्गा जन्मली. जगातली पहिली टेस्ट ट्यूब बेबी लुईस ब्राऊन हिच्यानंतर अवघ्या 70 दिवसांनी! सरकारी समितीनं त्यांचा दावा धुडकावला. 1981 मध्ये त्यांनी जीवन संपवलं. 6 ऑगस्ट 1986 ला मुंबईच्या केईएममध्ये हर्षा जन्मली, तेव्हा देशातल्या पहिल्या टेस्ट ट्यूब बेबीचा मान डॉ. इंदिरा हिंदुजा आणि डॉ. टी. सी. आनंदकुमार यांना मिळाला. पुढे मुखोपाध्यायांची टिपणं वाचून याच आनंदकुमारांनी 1997 मध्ये तो मान जाहीरपणे त्यांना देऊन टाकला. एवढ्या मोठ्या मनाचा शास्त्रज्ञ विरळा! भ्रूण गोठवून नंतर सोडणं आज सर्रास चालतं.

आपल्याकडे या अस्तराचा आणखी एक वैरी आहे, गर्भपिशवीचा टीबी. खोकला नाही, ताप नाही. पण नळ्या बंद होतात, अस्तर चिकटतं. वेळीच सापडला तर औषधं आहेत. अस्तर एकदा खराब झालं की चांगलं भ्रूणही रुजत नाही.

भगिनी, 2021 च्या सहाय्यित प्रजनन तंत्रज्ञान (एआरटी) कायद्यानं केंद्राची नोंदणी बंधनकारक आहे, ती पाहा. तुमच्या वयोगटातला बाळंतपणाचा आकडा लेखी मागा. आणि तुमच्या तपासण्यांची रांग लागण्याआधी यजमानांची वीर्यतपासणी करून घ्या. ती सर्वांत सोपी असते आणि तीच सर्वांत उशिरा होते.