माजघरातला उजेड

नवापूरच्या रेल्वे स्थानकावर एक बाक प्रसिद्ध आहे. त्यावर रंगवलेली रेषा महाराष्ट्र आणि गुजरात यांची हद्द दाखवते. शेजारी बसलेले दोघे प्रवासी दोन राज्यांत असतात. एक साधी रेषा जागेचा अर्थ किती बदलते, हे दाखवायला याहून सोपे उदाहरण सापडणार नाही. गृहसजावटीच्या शास्त्रात रेषा, आकार, रंग, पोत, अवकाश आणि प्रकाश ही मूलतत्त्वे मानली जातात. तोल, प्रमाण, लय, भर आणि सुसंवाद ही ती वापरण्याची तत्त्वे. नावे पुस्तकी आहेत, परंतु पुढे दुकान आणि मागे बिऱ्हाड अशा व्यापारी घरात त्यांचा प्रश्न रोजचा असतो. त्यातही नवापूरसारख्या पावसाळी गावात पहिला मान प्रकाशाला द्यावा लागतो.

समजा, घर 12 फूट रुंद आणि 60 फूट लांब आहे. दोन्ही बाजूंच्या भिंती शेजाऱ्यांशी सामाईक, म्हणून खिडक्या केवळ पुढे आणि मागे. खिडकीच्या माथ्याच्या उंचीच्या साधारण दुप्पट ते अडीचपट अंतरापर्यंतच दिवसाचा उजेड कामापुरता पोहोचतो, असा वास्तुरचनाकारांचा ठोकताळा आहे. माथा 7 फुटांवर असेल तर पुढून 15-17 फूट आणि मागून तेवढाच. मधले 25-30 फूट अंधारात राहतात, आणि नेमके तिथेच माजघर असते. घरातील वडीलधाऱ्या स्त्रियांचा दिवस तिथे जातो. धान्य तिथेच निवडले जाते.

जैन घरात ही केवळ शोभेची बाब राहत नाही. जयणा पाळायची तर आधी दिसले पाहिजे. तुरीच्या डाळीतील किडा, पिठातील जाळी, गळण्यात अडकलेला सूक्ष्म जीव, हे सारे डोळ्यांना दिसावे लागते. चातुर्मासात आभाळ दिवसचे दिवस भरलेले असते, जीवोत्पत्ती सर्वाधिक असते, आणि नेमक्या त्याच दिवसांत माजघर सर्वांत काळोखे होते. दिवा लावावा तर पाखरे त्यावर झेपावतात. चौविहार करणाऱ्यांचे संध्याकाळचे ताट तर सूर्यास्तापूर्वीच वाढले गेले पाहिजे. डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, आणि मधल्या खोलीत त्याच्या बऱ्याच आधी दिवस संपलेला असतो.

जुन्या बांधकामात यावर उपाय होते. कौलारू छपरात दोन-चार काचेची कौले बसवीत; खानदेशातील धाब्याच्या घरांत छताला साणे ठेवीत; ऐपत असेल तिथे मधे चौक. नूतनीकरणात सर्वांत आधी हेच जाते. स्लॅब पडतो, चौक खोली होतो, खाली पीओपीचे छत येते आणि त्यात डझनभर दिवे. ते दिवे भरदुपारी जळत राहतात. सजावटीचा खर्च वाढतो आणि घर अंधारते, हा व्यवहार कोणत्याही व्यापाऱ्याला पटू नये. स्लॅब टाकतानाच माजघरावर तीन फुटी चौरस जागा सोडून वर काच बसवावी आणि पाणी आत येऊ नये म्हणून कडेला चांगला उंच कठडा घ्यावा. हे काम मागाहून फार महाग पडते.

उजेड आला की रंगाचा प्रश्न निम्मा सुटतो. वरून आलेला प्रकाश फिकट भिंती पुढे पसरवतात, गडद भिंती गिळून टाकतात. सामाईक भिंतींना ओल धरण्याची खोड असते. तिथे प्लास्टिक रंगाला पोपडे सुटतात, चुन्याचा हात मात्र भिंतीला श्वास घेऊ देतो. ओट्यासाठी काळ्या ठिपक्यांचा ग्रॅनाइट लोकप्रिय आहे, कारण त्यावर डाग दिसत नाहीत. मुंगीही दिसत नाही! फिकट, एकरंगी, गुळगुळीत दगड इथे अधिक योग्य. पोत निवडताना एवढा एक निकष पुरे.

प्रमाण बिघडते ते बहुधा सोफ्यामुळे. 12 फूट रुंदीत समोरासमोर तीन-तीन फूट खोलीचे सोफे आणि मधे दोन फुटी टेबल ठेवले, तर दोन्हीकडे मिळून चारच फूट उरतात; पाहुणा आडवा होऊनच आत शिरतो. गोचरीसाठी साधू-साध्वी आले तरी वाट याच खोलीतून. पेढीवरची गादी, पांढरी चादर आणि तक्के यांची बैठक भिंतीलगत राहते, आडवी रेषा खाली ठेवते, आणि त्यामुळे छत उंच भासते. गुडघ्यांनी तक्रार करणाऱ्यांसाठी दोन खुर्च्या असाव्यातच.

राहिले लय आणि भर. जुने घर खणांनी मोजत: दोन खांबांमधले अंतर म्हणजे एक खण. सागाच्या तुळया समान अंतराने येत, आणि घराला आपोआप ताल मिळे. राणकपूरच्या मंदिरात परंपरेने 1,444 स्तंभ सांगितले जातात. तिथे भोवळ येत नाही ती या पुनरावृत्तीच्या शिस्तीमुळे. घरातील तुळया धडधाकट असतील तर त्या झाकण्यात कसला फायदा? आबूची देलवाडा मंदिरे बाहेरून अगदी साधी आहेत, सारे कोरीवकाम आत. भर देण्याचा तो उत्तम पाठ. सौराष्ट्रातून आलेल्या एखाद्या सासूबाईंच्या पेटीत मोतीकामाचे तोरण किंवा चंदरवा घडी घालून पडलेला असतो. तो माजघराच्या एका भिंतीवर लावावा आणि त्या भिंतीवर दुसरे काहीही लावू नये. कॅलेंडरसुद्धा नको.

काचेतून उतरलेला उन्हाचा चौकोन दुपारभर फरशीवर सरकत असतो. निवडायला बसणारी बाई त्याच्या मागोमाग आपले ताट सरकवत जाते. बैठकीचे किंवा कपाटाचे लाकूड त्या वाटेत येणार नाही, हे सुताराला आधीच सांगून ठेवावे.