नेट नाही, म्हणजे नेमकं काय नाही?

अच्छाडला महाराष्ट्र संपतो, पण मोबाइलला हद्दीचा दगड दिसत नाही. ज्या टॉवरची हाक स्पष्ट, त्याच्याशी तो बोलतो.

यंत्रं एकमेकांना जोडली, की नेटवर्क. जगभरची अशी जाळी जोडली, की इंटरनेट. राउटर म्हणजे टपाल छाटणारा कारकून; आयपी पत्ता वाचून तो माहिती पुढं धाडतो. वाय-फाय हा शेवटच्या काही पावलांचा बिनतारी रस्ता. त्याच्या रेघा भरलेल्या असूनही नेट बंद असू शकतं, कारण मागची वाट तुटलेली असते. तिला म्हणतात बॅकहॉल.

डोंगर-झाडीत तार नेणं महाग. आयआयटी मुंबईनं आमच्याच पालघर जिल्ह्यात, खामलोली परिसरात, टीव्हीच्या रिकाम्या लहरींवरून ही वाट काढून पाहिली. ४७० ते ५९० मेगाहर्ट्झच्या या लहरी वाय-फायच्या २.४ गिगाहर्ट्झ लहरींपेक्षा झाडीतून दूर जातात. या ‘ग्राम मार्ग’ प्रकल्पाला २०१७ मध्ये मोझिलाचा पुरस्कार मिळाला.

रेशनचं यंत्र अंगठा घेऊन दूरच्या सर्व्हरला विचारतं. उत्तर आलं नाही, तर म्हातारीवर रिकामी पिशवी घेऊन परतायची वेळ येते. म्हणून मला वाटतं, ‘नेट नाही’ ऐकल्यावर तिनंही विचारावं, ‘कुठं तुटलंय, बाबा?’