लाकडी मोटारीच्या रंगाला आरशासारखी चकाकी

लाकडी मोटार विकायला ठेवली की गिऱ्हाईक ती हातात घेतं, उजेडाकडे धरतं आणि मग भाव विचारतं. म्हणून आज आपण चकाकीबद्दल बोलू.

विहिरीचं पाणी स्थिर असेल तर त्यात तोंड दिसतं, वाऱ्यानं हललं की दिसत नाही. रंगाचंही तसंच. डोळ्यांना न दिसणारे उंचवटे काढले, की चकाकी येते.

रंगाचा एक जाड हात देण्यापेक्षा तीन पातळ हात द्या. प्रत्येक हात वाळू द्या. शेवटच्या हातानंतर निदान आठवडाभर थांबा. मग गाडी नाकाशी धरा. रंगाचा वास येत असेल, तर आतून तो ओलाच आहे. आणखी थांबा.

आता 2000 नंबरचा वॉटर पेपर घ्या. पाण्यात साबणाचा थेंब टाकून हलक्या हातानं घासा आणि पुसून बघा. चमकणारे ठिपके म्हणजे खड्डे. तिथवर पेपर पोचलेला नाही. सगळीकडे सारखा मंदपणा आला की थांबा.

कडा मात्र सांभाळा. बॉनेट, टप, दारं यांच्या कडेवर रंग सर्वांत पातळ बसतो. तो निघाला की लाकडात पाणी मुरतं, लाकूड फुगतं आणि रंग उचलतो. म्हणून आधी कडांवर चिकटपट्टी लावा.

मग जुन्या सुती बनियनवर थोडं रबिंग कंपाउंड घेऊन लहान लहान गोल फिरवा. एकाच जागी जोर नको. घासून रंग तापतो आणि मऊ पडतो. शेवटी ओल्या फडक्यानं पुसा, वाळवा आणि मेणाचा पातळ हात द्या.

ही झाली शोभेची गाडी. लहान मूल खेळणं तोंडात घालतं, म्हणून त्याच्या गाडीला कंपाउंड आणि मोटारीचं मेण नको. तिला शुद्ध मधमाशीचं मेण बरं. रंगात शिसं नको. घरगुती रंगात शिशाची मर्यादा दहा लाख भागांत 90 भाग आहे. डब्यावर तसं छापलेलं आहे का ते वाचा. शिवाय 1 जानेवारी 2021 पासून 14 वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना आयएसआय मार्क लागतो. केंद्राच्या हस्तकला विकास आयुक्तांकडे नोंदणी असलेल्या कारागिरांना यातून सूट आहे. विक्रीआधी गटानं ही नोंदणी करून घ्यावी.

तर बायांनो, पहिल्यांदा टाकाऊ फळीच्या तुकड्यावर हात बसवा, मग गाडीला लावा.