विश्लेषण : ‘बाष्पीभवन’ पाठ झाले, पण पाणी गेले कुठे?

साक्री तालुक्यात ब्राह्मणवेलच्या पठारावर पवनचक्क्या फिरतात. शिवाजीनगरला महानिर्मितीचा १२५ मेगावॅटचा सौर प्रकल्प आहे. पिंपळनेरजवळ पांझरेवर लाटीपाड्याचे धरण आहे. पाठ्यपुस्तकातले ऊर्जेचे आणि पाण्याचे धडे इथल्या मुलांना बसच्या खिडकीतून दिसतात. तरीही ऊर्जा, बल, बाष्पीभवन, द्रावण हे शब्द समोर आले की बरीच मुले व्याख्या पाठ करून मोकळी होतात. शब्द तोंडात बसतो, त्यामागची गोष्ट हाती लागत नाही. असे का होते आणि प्राथमिक शाळेत त्यावर काय करता येते?

अडचण कधी सुरू होते?

राज्याच्या अभ्यासक्रमात तिसरी ते पाचवी विज्ञान हा वेगळा विषय नसतो. तो ‘परिसर अभ्यासा’त मिसळलेला असतो. सहावीत ‘सामान्य विज्ञान’ येते आणि शब्दांचा ओघ एकदम वाढतो : द्रव्य, पदार्थ, अवस्था, बल, कार्य, ऊर्जा, घर्षण. तिसरी-चौथीत जे शब्द सैल राहिले, ते इथे महागात पडतात, कारण पुढची प्रत्येक व्याख्या मागच्या शब्दावर उभी असते.

बाष्पीभवनाचेच पाहा. ‘पाण्याची वाफ होण्याच्या क्रियेला बाष्पीभवन म्हणतात’ हे वाक्य चौथीचे मूल बिनचूक लिहिते आणि पूर्ण गुण मिळवते. त्याच मुलाला विचारले, की दोरीवरच्या ओल्या सदऱ्यातले पाणी कुठे गेले, तर ‘उन्हाने शोषून घेतले’, ‘कापडातच जिरले’ अशी उत्तरे येतात. लहान मुलांच्या अशा समजुती जगभरच्या संशोधनात नोंदवलेल्या आहेत, त्यामुळे दोष साक्रीच्या मुलांचा नाही. इथे गोंधळात भर घालतो तो व्याख्येतला ‘वाफ’ हा शब्द. घरात वाफ म्हणजे चुलीवरच्या भांड्यातून निघणारी, हाताला चटका देणारी गोष्ट. सदऱ्यातून तशी वाफ निघताना कोणी पाहिलेली नसते. मग ‘वाफ नाही, म्हणजे बाष्पीभवनही नाही’ असा निष्कर्ष मूल काढते, आणि त्याच्या हाती असलेल्या शब्दांत तो तर्काला धरूनच असतो.

यात आणखी एक मेख आहे. पाण्याचे बाष्प डोळ्यांना दिसत नाही. भांड्यावर जे पांढरे दिसते, ते हवेत येऊन थंड झालेल्या बाष्पाचे बारीक थेंब असतात. म्हणजे घरातली ‘वाफ’ हे बाष्पीभवनानंतरचे पुढचे पाऊल आहे. हे सांगितल्याशिवाय व्याख्या शिकवणे म्हणजे मुलाला चुकीच्या खुणेवरून रस्ता दाखवणे.

घरचा शब्द कमी पडतो का?

पाणी ‘आटले’, कपडे ‘वाळले’, जमीन ‘सुकली’. मराठीत, आणि मराठीच्या बोलींतही, यासाठी नेमके शब्द आहेत. मात्र ते सगळे मागे राहिलेल्या वस्तूबद्दल बोलतात : भांड्यात पाणी कमी झाले, कापडात ओल उरली नाही. गेलेल्या पाण्याचे काय झाले, याबद्दल ते गप्प असतात. ‘बाष्पीभवन’ नेमकी तीच जागा भरतो. जे बाष्प नव्हते ते बाष्प झाले, असे त्या शब्दाची घडणच सांगते. म्हणून ‘सोपे करायचे तर आटणेच म्हणा, अवघड शब्द कशाला’ हा सल्ला पुरा पडत नाही. आटण्यापासून सुरुवात करावी, ‘मग ते गेले कुठे?’ असे विचारावे आणि उत्तराला नाव हवे झाले, की नवा शब्द द्यावा.

काही जोड्यांत उलट परिस्थिती आहे. बोलताना साखर पाण्यात ‘वितळली’ असेही म्हटले जाते आणि बर्फही ‘वितळतो’. विज्ञानाला इथे दोन शब्द लागतात. बर्फ वितळायला ऊब लागते, दुसरा पदार्थ लागत नाही. साखर विरघळायला पाणी लागते. ‘विरघळणे’ आणि ‘वितळणे’ दोन्ही मराठीतलेच, रोजच्या वापरातले. फक्त त्यांची शीव वर्गात एकदा आखून द्यावी लागते. ती आखली नाही, तर पुढे द्रावण, द्रावक, द्राव्य ही तीन नावे केवळ जिभेची कसरत होते.

‘हवा’ आणि ‘वारा’ यांचेही असेच. हवा सगळीकडे असते. ती वाहू लागली की तिला वारा म्हणतात. बोलण्यात मात्र ‘आज हवा नाही’ असे सहज म्हटले जाते. पवनचक्की थांबलेली दिसली, की हा फरक शिकवायला साक्रीइतकी सोयीची जागा क्वचितच सापडेल : पाते थांबले, तेव्हा हवा संपली का? ‘पवनचक्की’ हा शब्दही प्रश्न विचारायला लावणारा आहे. चक्की म्हणजे दळण्याचे यंत्र. मग ही काय दळते? पूर्वी युरोपात वाऱ्यावर चालणाऱ्या चक्क्या खरोखरच धान्य दळत. दळण गेले, नाव राहिले.

ओळखीचेच शब्द जास्त फसवतात का?

हो, आणि याकडे सर्वांत कमी लक्ष जाते. ‘प्रकाशसंश्लेषण’ अवघड आहे हे शिक्षकालाही कळते, म्हणून तो थांबतो, फोड करतो, फळ्यावर लिहितो. ‘पदार्थ’ मात्र कोणी समजावत नाही, कारण तो सगळ्यांना येतो असे गृहीत धरलेले असते. घरात पदार्थ म्हणजे खायचा. विज्ञानात लाकूडही पदार्थ, लोखंडही पदार्थ. खुर्ची मात्र वस्तू. ‘कार्य’ म्हणजे घरी लग्नकार्य. पुस्तकात बलाने वस्तूचे विस्थापन झाले तरच कार्य, त्यामुळे डोक्यावर भरलेला हंडा घेऊन नुसते उभे राहिलेल्या बाईने पुस्तकाच्या हिशेबी हंड्यावर काहीच कार्य केलेले नसते. हे ऐकून एखाद्या मुलीला राग आला, तर तो समजण्यासारखा आहे. ‘शक्ती’, ‘ताकद’, ‘बल’, ‘ऊर्जा’ हे शब्द बोलण्यात एकमेकांच्या जागी चालतात, विज्ञानात चालत नाहीत. ‘वीज’ आभाळात चमकते आणि तारेतूनही वाहते. गावात मात्र तारेतल्या विजेला ‘लाइट’ म्हणतात आणि ट्रान्सफॉर्मरला ‘डीपी’. बल्ब न लावता मोटर चालू असली तरी ‘लाइट आहे’ असेच म्हणतात.

अनोळखी शब्द निदान आपण अनोळखी असल्याचे सांगतो. ओळखीचा शब्द जुना अर्थ घेऊन गुपचूप बसतो आणि शिकवणाऱ्याला त्याचा पत्ता लागत नाही.

हे शब्द आले कुठून?

राज्यनिर्मितीनंतर १९६० मध्ये भाषा संचालनालय स्थापन झाले आणि विषयवार परिभाषा कोश निघू लागले. मराठी विश्वकोशाच्या कामातही परिभाषेवर मोठी मेहनत झाली. त्याचा अठरावा खंड परिभाषासंग्रहाचाच आहे. या विश्वकोशाचे प्रमुख संपादक तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी १९०१ मध्ये जन्मले ते साक्री तालुक्यातल्या पिंपळनेरला. ज्या मुलांना हे शब्द जड जातात, त्यांच्याच तालुक्याचा माणूस मराठी परिभाषेच्या एवढ्या मोठ्या कामाच्या प्रमुखपदी होता. ही गोष्ट तालुक्यातल्या शाळांत सांगायला हरकत नाही.

परिभाषा बव्हंशी संस्कृत धातूंवर बेतली गेली. त्यावर ‘बोजड’ हा आरोप जुना आहे आणि पुष्कळदा रास्तही. पण या शब्दांची फोड करता येते, हा त्यांचा फायदा वर्गात फारसा वापरला जात नाही. ‘द्विदल’ म्हणजे दोन दले. आपली ‘डाळ’ याच ‘दल’शी नाते सांगते. तूर, हरभरा भरडला की दोन फाका होतात. बाजरी आणि मक्याच्या दाण्याच्या तशा होत नाहीत, ती एकदल. मूठभर दाणे वर्गात आणले, तर हा धडा दहा मिनिटांत होतो.

शिवाय सगळी परिभाषा संस्कृतातून आली असेही नाही. सहावीच्या ‘साधी यंत्रे’ धड्यात तरफ, टेकू, कप्पी, पाचर, उतरण असे शब्द आहेत. हे कामाच्या जागेवरचे शब्द. पहारीने दगड हलवताना तिच्याखाली लहान दगड सरकवणाऱ्याला टेकू समजावून सांगावा लागत नाही. त्याच्या मुलाला मात्र पुस्तकातला टेकू आणि वावरातला टेकू एकच आहे, हे कोणीतरी सांगावे लागते.

घरी अहिराणी, भिली, कोकणी बोलणाऱ्यांचे काय?

आतापर्यंतची चर्चा मुलाच्या घरी प्रमाण मराठी बोलतात असे धरून झाली. साक्रीत ते गृहीतच डळमळते. तालुक्यात अहिराणी सर्वदूर आहे. २०११च्या जनगणनेत खान्देशी गटातल्या भाषा मातृभाषा म्हणून सांगणाऱ्यांची देशभरातली संख्या १८ लाखांहून अधिक होती. पश्चिमेच्या डोंगरपट्ट्यात भिल्ल आणि कोकणा समाजाच्या वस्त्या आहेत. तिथली कोकणी वेगळी. गोव्याच्या कोकणीशी तिचे फक्त नाव जुळते.

अहिराणीत ‘ळ’चा ‘य’ होतो. फळ ‘फय’ होते, मूळ ‘मुय’, डोळा ‘डोया’. वनस्पतीचे अवयव शिकताना मूल ‘मुय’ म्हणाले आणि वर्ग हसला, तर ते पुढच्या वेळी बोलणार नाही. त्याला मूळ म्हणजे काय हे पक्के माहीत असते, चुकतो तो फक्त उच्चार, आणि तोही प्रमाण मराठीच्या मापाने. उच्चार दुरुस्त करण्याच्या नादात ज्ञान गप्प होते. भिली किंवा कोकणी बोलणाऱ्या मुलासाठी अंतर याहून मोठे आहे. त्याला ‘पाझरणे’ आणि ‘संघनन’ दोन्ही सारखेच परके असू शकतात.

याच पट्ट्यात पांझरेवर शेकडो वर्षांची फड पद्धत आहे. नदीवर बंधारा, तिथून पाट, पाटातून उताराने पाणी फडापर्यंत, पाण्याचे वाटप पाहायला पाटकरी. कुठेही पंप नाही. उतार, गाळ, पाझर, ओल, सांडवा हे शब्द या व्यवस्थेत रोज वापरले गेले. पाणी उताराकडे का धावते, गाळ कुठे बसतो, हा विज्ञानाचाच भाग आहे आणि त्याचे शब्द गावातल्या म्हाताऱ्यांकडे तयार आहेत.

शिक्षण हक्क कायदा (२००९) शक्य तितके शिक्षण मातृभाषेतून द्या, असे सांगतो. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण (२०२०) शक्य तिथे किमान पाचवीपर्यंत घरची भाषा वापरा म्हणते आणि विज्ञान-गणिताची द्विभाषिक पुस्तके सुचवते. मात्र साक्रीच्या एकाच वर्गात दोन-तीन घरच्या भाषा बसलेल्या असतात. तिथे धोरणातले हे वाक्य अमलात आणण्याचा भार प्रत्यक्षात एकट्या शिक्षकावर येतो.

सेमी-इंग्रजीने प्रश्न सुटतो का?

पालकांचा हिशेब सरळ आहे. अकरावीला विज्ञान घेतले की पुस्तके इंग्रजीत, पुढे सगळेच इंग्रजीत. मग लहानपणापासूनच गणित-विज्ञान इंग्रजीतून का नको? हा हिशेब चुकीचा म्हणता येत नाही. प्रश्न क्रमाचा आहे. ‘इव्हॅपोरेशन’ची फोड या मुलाला करता येत नाही, कारण तो शब्द ज्या लॅटिन मुळावरून आला, त्याचा एकही नातेवाईक त्याच्या कानावर पडलेला नसतो. कल्पना मराठीतून किंवा बोलीतून पक्की झाली असेल, तर इंग्रजी नाव हे त्याच वस्तूचे दुसरे लेबल ठरते आणि पटकन चिकटते. कल्पना नसेल, तर लेबल चिकटवायला वस्तूच नसते. वरच्या वर्गांच्या मराठी माध्यमाच्या विज्ञान पुस्तकांत मराठी संज्ञेशेजारी इंग्रजी संज्ञा छापलेली असते. तीच सवय चौथी-पाचवीपासून फळ्यावर लागली, तर अकरावीचा धक्का बराच सौम्य होईल.

खान्देशात असे काही पूर्वी झाले आहे का?

टाटा मूलभूत संशोधन संस्थेने १९७४ मध्ये होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र सुरू केले. केंद्राच्या अगदी सुरुवातीच्या क्षेत्रीय प्रकल्पांपैकी एक जळगाव जिल्ह्यातल्या खिरोद्याचा. तिथल्या ग्रामीण शाळांत साध्या साहित्यातून विज्ञान शिकवणे आणि शिक्षकांना त्यासाठी तयार करणे हे काम झाले. प्रा. व्ही. जी. कुलकर्णी यांच्या नेतृत्वाखाली केंद्राने पुढे भाषेच्या अडसराकडेही लक्ष वळवले. विज्ञानाचा आशय तोच ठेवून पुस्तकाची भाषा सोपी केली, तेव्हा मुलांची समज वाढली आणि ती वर्गात अधिक बोलू लागली, असा अनुभव आला. अडथळा नुसता संज्ञांचा नव्हता, संज्ञांभोवतीच्या लांबलचक वाक्यांचाही होता, हे त्यातून दिसले. चार दशके उलटली तरी व्याख्या पाठ करून घेण्याची पद्धत फारशी हललेली नाही.

उद्याच्या तासाला काय करता येईल?

ओल्या हाताचा ठसा दोन पाट्यांवर उमटवावा. एक उन्हात, एक सावलीत. सावलीतलाही ठसा जातो, फक्त उशिरा. म्हणजे पाणी ‘उन्हानेच’ नेले हे उत्तर मुले स्वतःच मागे घेतात. रसवंतीवरून आणलेला बर्फ स्टीलच्या पेल्यातल्या पाण्यात टाकावा. बाहेरून थेंब जमतात. ‘पेला गळतो’ असे कोणीतरी म्हणेलच. मग आतल्या पाण्यात हळद कालवून पुन्हा पाहावे. बाहेरचे थेंब पिवळे होत नाहीत. मग ते आले कुठून? हा प्रश्न वर्गात उभा राहिल्यावर, आणि मुले आपापल्या बोलीत त्यावर भांडून झाल्यावर, फळ्यावर ‘संघनन’ लिहावे. शेजारी अहिराणीत, कोकणीत काय म्हणतील ते मुलांकडूनच विचारून घ्यावे, खाली ‘कंडेन्सेशन’ लिहावे.

परीक्षेतला प्रश्नही थोडा बदलता येतो. ‘बाष्पीभवन म्हणजे काय?’ ऐवजी ‘पावसाळ्यात कपडे उशिरा का वाळतात?’ असे विचारले, तर पाठांतर उपयोगी पडत नाही. त्यासाठी नवे पुस्तक लागत नाही, शासन निर्णयाची वाटही पाहावी लागत नाही. उत्तर अहिराणीत आले तर गुण द्यायचे की नाही, एवढे मात्र शाळेला आधी ठरवावे लागेल.