पिशवीवरील पांढरी अक्षरे पक्की कशी होतात

सन २०१८ मध्ये महाराष्ट्र शासनाने प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर बंदी घातली. तेव्हापासून अनेक बचत गट कापडी पिशव्या शिवू लागले आहेत, आणि तांदूळ, हळद, गूळ असा घरचा माल विकणारे शेतकरी त्यांवर आपले नाव स्क्रीन छपाईने छापून घेतात. हिरव्या वा तांबड्या कापडावर पांढरी अक्षरे उठून दिसतात. परंतु तक्रारही बहुधा त्यांचीच येते. पहिल्या धुण्यातच त्यांना भेगा पडतात, पुढे पापुद्रे सुटतात. पिशवी राहते, मालकाचे नाव जाते, आणि गटाला पुढचे काम मिळत नाही.

अशा वेळी दोष शाईला दिला जातो. वस्तुतः पुष्कळदा तीस पुरेशी उष्णताच मिळालेली नसते. या कामी सर्रास वापरली जाणारी प्लॅस्टिसॉल शाई म्हणजे तेलकट द्रवात कालविलेले पी.व्ही.सी.चे सूक्ष्म कण होत. (प्लॅस्टिकची पिशवी गेली, अक्षरे मात्र त्याच जातीची राहिली, हे खरेच.) तीत उडून जाण्याजोगे पाणी नसल्याने ती नुसती वाऱ्यावर ठेवून वाळत नाही. उष्णता लागली म्हणजे कण तो द्रव शोषून फुगतात आणि सुमारे १६० अंश सेंटिग्रेडला एकजीव होऊन त्यांचा लवचिक थर बनतो. काही शाया याहून कमी उष्णतेवर पक्क्या होतात. डब्यावरील सूचना प्रमाण मानावी. परंतु त्या उष्णतेच्या बऱ्याच आधी शाई बोटाला लागेनाशी होते, आणि फसगत होते ती येथेच. कोरडी दिसली म्हणून पिशव्यांची थप्पी लावली जाते.

पांढऱ्या शाईत ही अडचण अधिक असते. तीत टायटॅनियम डायऑक्साइडची भुकटी भरपूर घातलेली असते, म्हणूनच गडद कापड झाकले जाते. काळी शाई उष्णतेचे किरण शोषून घेते. पांढरी त्यांतील बराच भाग परतविते. शिवाय तिचा थर जाड, बहुधा दोन हातांचा असतो. परिणामी वरचा भाग तापला तरी कापडालगतची शाई कच्ची राहते, आणि पकड तर तेथेच व्हावयाची असते.

इंचास ११० ते १५६ धाग्यांची जाळी पांढऱ्या शाईस सोयीची पडते. पहिला हात दिल्यावर तापकाखाली काही सेकंद धरावे आणि शाई बोटाला चिकटेनाशी होताच थांबावे. ती तेथेच पुरती पक्की केल्यास दुसरा हात तिच्यावर नीट बसत नाही. शेवटी मात्र थर तळापर्यंत तापला पाहिजे. यंत्रावरील काटा यंत्राचे तपमान दाखवितो, शाईचे नव्हे. म्हणून रंग बदलणारी तपमानपट्टी छपाईलगत चिकटवून पाहावे. पावसाळ्यात सुती कापड ओल धरते आणि बरीचशी उष्णता ती घालविण्यातच खर्च होते. कापड आधी कोरडे तापवून घेतले तर हा घोळ टळतो. घरगुती इस्त्रीवर भिस्त ठेवू नये. तिची उष्णता सर्वत्र सारखी पडत नाही.

माल देण्यापूर्वी प्रत्येक खेपेतील एक पिशवी परीक्षेसाठी काढावी. विणलेले कापड उभे-आडवे फारसे ताणत नाही, यास्तव ते तिरके ताणावे. अक्षरांना भेगा पडून खालचे कापड दिसले तर शाई कच्ची समजावी. नंतर तीच पिशवी साबण व गरम पाण्याने चार-पाच वेळा धुवावी. एका पिशवीचे नुकसान परवडते, शंभरांचे परवडत नाही. खेप कच्ची निघाली तरी उरलेल्या न धुतलेल्या पिशव्या पुन्हा तापवून सुधारता येतात, हे पुष्कळांना ठाऊक नसते.

पॉलिएस्टरमिश्रित तांबड्या कापडाची गोष्ट उलटी आहे. तेथे फार उष्णता दिली की कापडाचा रंग सुटून शाईत चढतो आणि पांढरी अक्षरे गुलाबी पडतात, कधी कधी काही दिवसांनी. अशा कापडास कमी उष्णतेवर पक्की होणारी आणि रंग न ओढणारी पांढरी शाई मुद्दाम मागून घ्यावी. कापडाची जात दुकानदारास सांगता आली नाही तर एक धागा जाळून पाहावा. सुताची भुरभुरीत राख होते. पॉलिएस्टरचा वितळून कठीण मणी बनतो.